लांबचं की जवळचं

प्रिय आयलिफ,

काल तुझ्या बहिणीने, बोर्गहिल्डने, मला ओलसुंडच्या खासगी दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू काढायचा आहे. तिथल्या नर्सबाईंनी सोबत माझ्या लोंबत्या पापण्या उचलायचं आणि कपाळाच्या आठ्या इंजेक्शनने घालवायचंही सुचवलं.

"करून टाक गं, राग्ना!" बोर्गहिल्ड म्हणाली. "विधवा आहेस, वाळवलेला मासा नाहीस."

मी म्हटलं, "आठ्या राहू देत, वाचताना लागतात."

मग डॉक्टरांनी विचारलं, "नव्या भिंगाने चष्म्याशिवाय काय दिसायला हवं? लांबचं की जवळचं?"

"आमच्याकडच्या बायका लांबचंच मागतात," बोर्गहिल्डच बोलली. "खिडकीतून होडी दिसायला हवी ना." आणि पटकन माझा हात धरला.

तुझी होडी सापडली, तू सापडला नाहीस. तरी मी अजून दुर्बीण घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत बसते.

मी "जवळचं" म्हणाले. तुझ्यामागे मला पुस्तकांनीच सांभाळलं. पण ते उत्तर दिल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. कॉफी ओतते, ती गार होते. खिडकीशी जाते, परत येते. तुझी वाट बघणं सोडलं, असं तर मी तिथे सांगून आले नाही ना? आज सकाळी उत्तर बदलायला दवाखान्यात फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं आणि मी ठेवून दिला.

नाही बदलणार. तुला यायचंच असेल तर आता लांबून हात हलवू नकोस. मी पुस्तक धरते, तेवढ्या जवळ ये.

तुझी,
राग्ना