पाटाखालचा सहावा चॅनल

आष्टी, ५ जुलै २०२४

ती. शालूअक्कास,
सोमेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझं बोलणं तुला कळत न्हाई, अन् ओरडलो की ते सगळ्या गल्लीला कळतं. म्हणून कागद घेतला. मोटार वायंडिंगचं दुकान दुपारी बंद ठेवून मी सध्या घरीच अ‍ॅम्प्लिफायर बनवून राह्यलो. देवळातल्या भजनाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर इतका तापायचा, की पुजारी त्यावर वाती वाळवायचा. हा नवा क्लास डी जातीचा हाये. आतली वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होती, म्हणून तापत न्हाई. सुरेखाला वाटलं, डी म्हणजे चौथ्या दर्जाचा माल. नवऱ्याला दुकानदारानं फसवलं म्हणून दोन दिवस तीच तापल्ती.

याला सहा चॅनल हायेत, म्हणजे आवाजाच्या सहा वेगळ्या वाटा. पाच वाटा पेटी, पखवाज अन् गाणाऱ्या बायांच्या. सहावी तुझी. तिच्यात नुसता पखवाज सोडायचा, अन् आवाजाचा कागदी पडदा नसलेला, फक्त हादरणारा स्पीकर तुझ्या पाटाखाली बसवायचा. कानानं न्हाई तर बैठकीनं ताल कळंल. श्रावणातल्या सप्ताहाला ये. माहेरच्या भजनाला तू दोन वर्षं बसली न्हाईस.

लोभ हाये तो पातळ होऊ देऊ नये.
तुझा, सोमेश्वर

जाफराबाद, १४ जुलै २०२४

चि. सोमेश्वरास,
शालूचे अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं अन् दोनदा हसले. जन्मभर कानानं ऐकलं, आता बसायच्या जागेनं ऐकायचं म्हणतोस. पाटानं उडवलं अन् म्हातारी पखवाजावर पडली तर सप्ताहाचा खर्चा वाढायचा.

पण मी येणार न्हाई, अन् का ते तुला ठाऊक हाये. त्या दिवशी अभंग संपल्याचं मला कळलंच न्हाई. डोळे मिटून दोन ओळी एकटीच म्हणत राह्यले. डोळे उघडले तर बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, अन् सगळ्यात जास्त चतुराबाई. परकर नेसायच्या वयापासून माझ्याजवळ बसून गायलेली चतुराबाई. तवापासून टाळ हातात धरले न्हाईत. कानातलं मशीन टाळ वाजले की नुसतं किंचाळतं. गाणं सुटल्याचं दुःख हाये, लपवत न्हाई. पण पुन्हा हसं व्हायची भीती त्याहून मोठी हाये.

सुरेखाला आशीर्वाद. बहिणीवर रुसू नको, माया ठेव.
तुझी अक्का

आष्टी, ५ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आधी वाईट बातमी. अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड जळाला. चाळीस वर्षं मी सगळ्या स्पीकरच्या मायनस तारा एकत्र पिळत आलो, त्याच सवयीनं ह्याही पिळल्या. बटन दाबलं अन् घरभर धूर. मोबाइल दुरुस्तीवाल्या नागसेननं येऊन सांगितलं, की ह्या जातीत मायनसही गप बसत न्हाई, तिच्यातही आवाजाची वीज असती. प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा वेगळ्याच ठेवायच्या. थोडक्यात सख्ख्या जावा, एका चुलीवर आणल्या की भडका. सुरेखा म्हणाली, तुम्हाला चाळीस वर्षांचं कळतं, पण आजचं विचारायला लाज वाटती. बिलकुल खरं बोलली.

दुसरा बोर्ड मागवला, बारा तारा बारा वाटांनी ओढल्या. परवा सर्जेरावला पखवाज घेऊन बसवलं अन् सुरेखाच्या कानात कापूस कोंबून तिला पाटावर. डोळे मिटून तिनं सातदा समेवर टाळी दिली, साती वेळा बराबर. अक्का, पाच चॅनल गावाचे हायेत. सहावा तुझ्यावाचून मुकाच राहील. चतुराबाईनंही तू येतीस का म्हणून विचारल्तं.

पामरावर कृपा असू दे.
सोमेश्वर

जाफराबाद, १३ ऑगस्ट २०२४

चि. सोमेश्वरास,
अ. उ. आ.

येते. टाळ आणणार न्हाई. गाणारही न्हाई. तुझी मेहनत वाया जाऊ नये म्हणून पाटावर बसून बघते. पण बाया पुन्हा हसल्या तर त्याच पावली उठीन अन् आष्टीच्या भजनाचं नाव जन्मात घेणार न्हाई. सुरेखाला म्हणावं, भाकरी पातळ कर.

माया हाये तशीच ठेव.
अक्का

आष्टी, २७ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न.

कोणत्या तोंडानं लिहू? काल दुपारी पहिले तीन अभंग बराबर झाले. तिसऱ्याला तू चक्क गाऊ लागलीस, मी मागं उभा राहून डोळे पुसत होतो. अन् चौथ्यात लाईट गेली. बॅटरी जोडायचं काम मी उद्यावर ठेवल्तं. चूक माझी, सगळी माझी. बाया तोंडानंच पुढं गात राह्यल्या अन् मी मान खाली घालून तारा चाचपत राह्यलो. वर पाह्यलं तर अभंग संपल्ता अन् तू पाठमोरी रडत होतीस. आज सकाळी कोणाशी न बोलता पहिल्या एसटीनं गेलीस. पुन्हा हसल्या का गं बाया? मीच तुला हट्टानं आणून बसवलं.

जमलं तर माफ कर.
सोमेश्वर

जाफराबाद, ४ सप्टेंबर २०२४

चि. सोमेश्वरास,
अ. उ. आ.

येड्या, रागावले असते तर तिथंच तुझा कान धरला असता. बोलले असते तर पुन्हा रडू आलं असतं, म्हणून गुपचूप निघाले. ऐक आता.

लाईट गेली तसा पाट एकदम गप झाला. मला वाटलं अभंग संपला. ह्या बारीला मी बराबर थांबले म्हणून खुशीत डोळे उघडले. पाहते तर सगळ्यांची तोंडं चालू, सर्जेरावचे हात चालू, अन् मी एकटी गप्प. मागच्यापेक्षा वाईट झालं म्हणून उठायला हात टेकला.

तेवढ्यात पाठीवर थाप पडली. मंग दुसरी. चतुराबाई होती. पहिल्या अभंगापासून ती माझ्या पाटाच्या कडेला तळवा लावून बसल्ती. मला वाटलं, नवल बघती. तिनं टाळ खाली ठेवले अन् पखवाजाचा ठेका माझ्या पाठीवर धरला. चार ठोक्यांत मला जागा सापडली अन् मी गायले. शेवटच्या ओळीला तिनं हात दाबून धरला. मी थांबले. सगळ्यांसोबत थांबले, सोमेश्वर. म्हणून रडले.

देवळातून निघताना तिनं माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं, की तीनेक वर्षांपासून तिलाही उजव्या कानानं काही ऐकू येत न्हाई. कोणाला कळू नये म्हणून त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं हसली. तू गावात बोलू नको.

बॅटरी जोड. अन् पाट जल्दी रुंद कर. दोघींना बसायचंय.

सुरेखाला अन् तुला पोटभर आशीर्वाद.
तुझी अक्का