परातीतली लाट

तीर्थरूप अँब्रोझदादास, धाकट्या लिअँडरचा नमस्कार (तुझा गुडघा सुजलाय, म्हणून पाय न शिवता लांबूनच).

शेक घेतोस ना? माझी तब्येत बरी आहे, अब्रूचं विचारू नकोस. काल चर्चच्या जेवणाला तू नव्हतास, तेव्हा माझी फजिती कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याकडूनच ऐक.

मूळ कारण तूच. परवा खेकड्यांचा हंगाम उघडतोय, रेडिओ चार मीटर लाटा सांगतोय, आणि "आपल्या बोटीनं चार मीटर पुष्कळ पचवलेत" असं तू गावभर सांगत सुटलास. (मी सेंट जॉन्सच्या प्रयोगशाळेत हौदात लाटा उठवून मोजतो, म्हणून गाव मला 'टबातला तांडेल' म्हणतं. म्हणो बापडं.) काल जेवताना तोच विषय निघाला, तेव्हा मी उठून सांगितलं, की चार हा सर्वांत उंच लाटेचा आकडा नव्हेच, सगळ्या लाटांतल्या मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी. लाटा चहूकडून आपापल्या धुंदीत येतात, आणि कधीतरी त्यांचे माथे एकाच जागी जुळून जवळजवळ दुप्पट उंच लाट उभी राहते. साधारण किती वेळा, ते सांगता येतं. कुठे आणि केव्हा, ते नाही.

कुणी ऐकेना. मग मी वाटाण्याच्या सुपाची परात ओढली, पिठाचा उकडलेला गोळा होडी म्हणून त्यात सोडला आणि दोन हातांत दोन डाव घेऊन ढवळायला लागलो. बराच वेळ गोळा मजेत डुलला. मग कुठूनशी एक लाट उठली, आणि गोळा सुपासकट पाद्री स्नेलग्रोव्हांच्या मांडीवर. "तांडेलानं होडी बुडवली रे!" म्हणत लोक टेबलं बडवायला लागले. मीही हसलो.

हसली नाही ती एकटी द्रुसिलावहिनी. हशा ओसरल्यावर तिनं विचारलं, "माझा गिडियन गेला, त्या दिवशीही रेडिओवर चारच सांगितले होते ना?"

आपला मधला भाऊ गेल्या वसंतात त्याच्या बोटीसकट गेला, दादा, आणि तूही त्याच पाण्यात निघालायस. मला भीती वाटते. पण पत्रानं तू थांबणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.

तुझा,
लिअँडर

ता.क. पाद्रीबुवांची विजार मलाच धुवायची आहे. तुझा तो डाग काढायचा साबण पाठव.

पुन्हा ता.क. बोटीच्या इंजिनाची किल्ली घरभर शोधू नकोस. खुंटीवरून मीच काढली. ती द्रुसिलावहिनीकडे दिली आहे. जायचंच असेल, तर तिच्याकडे जाऊन माग.