टाळ्याची दुसरी बाटली

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी साहेब,
तालुका कार्यालय.

विषय : पान लागलेल्या कुत्र्यास सर्पदंशाच्या लसीची दुसरी बाटली आजच मिळणेबाबत, व ती कुठे गेली याच्या चौकशीबाबत.
संदर्भ : कालचे मारुतीच्या देवळातील कीर्तन.

महोदय,

जरा खुर्ची पुढे ओढून ऐकावे. बुवा उत्तररंगाला आख्यान लावतात तशी हकीकत सांगते. फक्त हिचा शेवट आपल्या हाती आहे.

१) टाळ्या हा आमचा कुत्रा. टाळांच्या ठेक्यावर शेपूट आपटतो, म्हणून हे नाव. काल सायंकाळी कीर्तन रंगात असता बाहेर चपलांच्या ढिगातून घोणस निघाली. टाळ्या आडवा गेला. त्याच्या तोंडाला पान लागले. साप चावला असे आम्ही बोलत नाही.

२) आमच्याकडे अशा माणसाला कडुनिंबाचा पाला चारतात. गोड लागला तर विष, कडू लागला तर नाही. हे पाहणारे बजरंगराव. त्यांनी टाळ्याच्या तोंडात पाला कोंबला, त्याने तो थुंकून टाकला. "कडू लागला बघा! विष न्हाई." मी म्हटले, भाऊ, कुत्रं पाला कवा खातं? तर म्हणाले, "आक्का, तुमी अभंग म्हणा, विषाचं मी बघतो." तोवर थोबाड भोपळ्याएवढे झाले होते. थुंकलेला पाला पुडीत बांधून सोबत जोडला आहे.

३) मुलगा अजिनाथ व मी त्याला मोटारसायकलवर जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी पुढच्या पायाचे केस भादरून सलाईनमधून लसीची एक बाटली दिली. दुसरी फ्रिजात आहे, सकाळी देऊ, म्हणाल्या व रात्रीच गावी गेल्या. सकाळी शिपाई प्रविण जमिनीकडे बघून म्हणाला, "संपली, आक्का." फ्रिज दाखव म्हटले, तर कुलूप हाय म्हणे. फ्रिजला कुलूप कवापासून लागले, हे कळावे.

४) परतताना बजरंगरावांच्या जीपमध्ये त्यांचा काळा कुत्रा दिसला. पुढच्या पायाचे केस टाळ्यासारखेच भादरलेले, वर चिकटपट्टी. विचारले तर "गोचीड झालती" म्हणाले. गोचिडीला चिकटपट्टी? आणि पान लागले असेल, तर त्याला पाला का चारला न्हाई? पांडुरंग त्याही मुक्या जिवाला आयुष्य देवो. माझी तक्रार लपवाछपवीची आहे.

५) टाळ्याची लघवी लाल झाली आहे. उठत नाही. टाळ वाजवला की कान तेवढा हलवतो. तरी जिल्ह्याहून बाटली मागवून माझ्यासमोर फोडावी.

कुत्र्यासाठी बाई एवढी का भांडते, असे वाटेल. चपलांच्या त्या ढिगात माझी चार वर्षांची नात ऋतुजा चप्पल शोधत होती. घोणस तिच्याच चपलेशेजारी वेटोळे घालून होती. सही करताना साहेबांनी त्या लेकराची आठवण ठेवावी.

दवाखान्याच्या पायरीवर वाट पाहत बसलेली, आपली नम्र,
भिवराबाई धर्मराज मिसाळ
रा. तेलगाव शिवार
दि. १३ ऑगस्ट २०२५