स्पीड मोजणारी स्क्रिप्ट बंद केली आहे

ताई,

“अगं, दर दोन मिनिटांनी इंटरनेटचा स्पीड मोजत बसलीस, तर मोजण्यातच लाइन खपेल,” असं तुम्ही बजावलं होतंत. मी ते हसण्यावारी नेलं. स्पीड कमी मिळतो याचा इंटरनेट कंपनीला पुरावा दाखवायचा म्हणून लॅपटॉपवर तो आपोआप मोजणारी स्क्रिप्ट लावली आणि महिनाभर चालूच ठेवली.

आज सकाळी बाबांच्या ऑनलाइन गणिताच्या तासाला एक मुलगी म्हणाली, “सर, दर दोन मिनिटांनी तुमचा आवाज तुटतो.” मला स्क्रिप्ट आठवली. बाबांनी मात्र तास तिथेच थांबवला. म्हणाले, “सूनबाई, आता वय झालं. संध्याकाळी क्लासला कळवतो, दुसरा मास्तर बघा म्हणून.”

मी स्क्रिप्ट लगेच बंद केली. तोवर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं होतं. दाराबाहेरूनच सगळं कबूल केलं, तर आतून म्हणाले, “उगाच माझी समजूत काढू नकोस.” त्यांना वाटतंय, मी त्यांच्यासाठी खोटं बोलतेय. तुम्ही त्यांची लेक, तुमचं ते ऐकतील.

बाळाला लस द्यायला निघालेय, वेळ टाळता येत नाही. चूक माझीच होती, हे त्यांना संध्याकाळच्या आत पटवा. आणि घरी आल्या आल्या आधी त्यांच्या खोलीत डोकावा. सकाळपासून ते जेवले नाहीत, दारही उघडलेलं नाही.