पाहुण्यांना सांगून टाकलं

आबा, तुमच्या नातीला तुम्ही पाहिलं नाहीत. यंदा तिने दहावीची परीक्षा दिली. त्याआधीच तिचं बिनसलं होतं. रात्ररात्र झोप नाही, अखंड बडबड; एकदा चिडून कपाटाची काच फोडली, शाळेत बाईंच्या अंगावर धावून गेली. मग भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच, वेणीसुद्धा घालू देईना. बारामतीहून एसटीने तिला पुण्याला नेलं. डॉक्टर आधी तिच्याशी एकटीशी बोलले, मग आम्हाला आत बोलावलं. म्हणाले, हा मनाचा आजार आहे. मन कधी फार वर जातं, कधी तळाला, आणि वागण्यावरचा ताबाही सुटतो. तुमचं वळण लावण्यात चुकलेलं नाही. गोळ्या बरीच वर्षं लागतील. शिक्षण मात्र तोडू नका.

हे ऐकून तुमची बहीण निरवांगीहून आली. "आजार कसला? वय हाय तिचं. उजवून टाक. लेकरू झालं की येतीय ताळ्यावर."

"आत्या, सोळावं लागलंय तिला."

"माझं तेराव्यात झालं. मेले व्हय मी?"

पुढच्या रविवारी, मला न विचारता, ती कळंबचे पाहुणे घेऊनच दारात उभी. स्वयंपाकघरात शिरून माझा दंड धरला. "गोळ्यांची डबी फळीवरनं उचल. आन् तोंडातनं चकार शब्द काढू नको."

पोहे परतताना मला कारखान्याच्या चाळीतली आपली खोली दिसत होती. तुमच्या छातीच्या एक्स-रेत क्षय निघाला आहे. आई चुलीपाशी विनवते आहे, कुणाला सांगू नका, चहाचा कप वेगळा ठेवतील. तुम्ही सदऱ्याची बटणं लावत म्हणता, "कप वेगळा असायची मला सवय हाय. रोग लपवायची न्हाय." आणि कामावर गेल्या गेल्या मुकादमाला स्वतः सांगता.

मी बशा पुढे ठेवल्या. थोरल्या पाहुण्याने विचारलं, "पोरगी किती शिकली?"

"दहावी दिलीय, अकरावीला घालायचीय. तिला मनाचा आजार आहे, पुण्याचं औषध चालू आहे. लग्नाचा विषय नाही. तुम्हाला उगाच हेलपाटा झाला."

"म्हंजे येडी हाय का?"

"नाही. आजारी आहे."

त्यांनी चमचा खाली ठेवला. आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "बापावर गेलीय! त्यानंबी असाच कारखानाभर डांगोरा पिटला हुता."

पाहुणे गेले आणि आतल्या खोलीचं दार आपटून लेक बाहेर आली. "मला विचारलंस? आता गावभर होईल!"

तिचं खरं होतं. मी म्हटलं, "लपवलं असतं तर सासरी चोरून गोळ्या घेतल्या असत्यास."

"सासर गेलं खड्ड्यात!"

"तेच सांगितलं मी त्यांना."

ती हसली नाही. माझ्यासमोर गोळी घेतली, पेला दणकन आपटला आणि अबोला धरला. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन अकरावीची चौकशी करून आले. तिथल्या बाईंनाही सगळं सांगितलं, पण या वेळी आधी तिला विचारून. तिने नुसती मान डोलावली. लोक कुजबुजतात. कुजबुजू देत. गोळ्या चुकणार नाहीत, कॉलेज चुकणार नाही, एवढं मी धरून ठेवलं आहे.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही. आत्ता ती ओट्यावर शेजारच्या मुलीशी बोलताना खदखदून हसते आहे, आणि मी लेखणी थांबवून ऐकते आहे, हे हसणं तिचं की आजाराचं. आबा, तिच्या हसण्याची मला भीती वाटते. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.