त्यांनी वाचलेली पाटी

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. पत्र पाहून दचकली असशील. रोज फोन होतो, मग आईला हे काय सुचलं, असं म्हणशील. पण फोन लागला की बाबा तो टेबलावर ठेवून आवाज मोठा करतात आणि शेजारी खुर्ची ओढून बसतात. त्यांच्यासमोर हे बोलता येणार नाही. आज शनिवार असून आम्ही घरात आहोत, हीच मोठी बातमी समज. ते आत आडवे झालेत, मी ओट्यावर कागद ठेवून लिहिते आहे. अक्षर नेहमीसारखंच बारीक. आई कागद वाचवायला मुंग्या सोडते, असं तू लहानपणी चिडवायचीस. खुशाल चिडव.

इथली घडी आता बसली आहे. चौथ्या मजल्यावरच्या या दोन खोल्या बाबा शिकवतात त्या शाळेनेच दिल्यात. सकाळी बाबांचा डबा भरला, कपडे वाळत घातले, देवाचं झालं, की मी पिशवी घेऊन खाली उतरते. दुकानात एकाही पाकिटावरचं मला वाचता येत नाही. आल्या आल्या कणीक म्हणून जे आणलं, त्याचा गोळा हातालाच चिकटून बसला. बाबांनी पाकीट फिरवून वाचलं आणि म्हणाले, बाईसाहेब, ही कपड्यांना घालायची खळ आहे, आता पोळ्यांना इस्त्री करा. शाळेतल्या सगळ्यांना सांगून आले मेले! तेव्हापासून हिशेबाच्या वहीत मी नावांच्या जागी चित्रं काढते, तेलाची बाटली, साबणाची वडी. हिशेब मात्र पैपैचा जुळतो हं.

आणि सुटीच्या दिवशीचं फिरणं. फोटो तुला मिळतात, पण फोटोत न दिसणारं सांगते. बाबांनी आल्याबरोबर इथली लिपी शिकून घेतली होती. बसमध्ये खिडकीशी बसायचं आणि रस्त्यावरची एकूणएक पाटी मला मोठ्याने वाचून दाखवायची, हा त्यांचा छंद. दातांचा दवाखाना. जुनी भांडी विकत घेऊ. इथे थुंकू नये. मी म्हणायची, तिकिटाचे पैसे मोजून पाट्याच ऐकायच्या तर घरी वर्तमानपत्र वाचा की. वरवर म्हणायची गं. आतून फार धीर यायचा. परक्या मुलखात सगळीकडे अक्षरं असावीत आणि एकही आपल्याशी बोलू नये, म्हणजे आंधळ्यासारखीच गत. हा शब्द तेव्हा मी किती सहज वापरायची.

पुढे पुढे त्यांचं वाचणं कमी झालं. ठरलेल्या रस्त्यावर वाचत, नवीन रस्ता आला की डोळे मिटून घेत. दमले असतील, या वयात पुन्हा नोकरी म्हणजे गंमत नाही, असं मी समजले. मनात आलं, आता आपण वाचून दाखवावं, यांना चकित करावं. शेजारी शाळेतली संगीतशिक्षिका राहते, आपल्याच बाजूची आहे, काकू काकू करते. ती दुपारी येऊन मला शिकवू लागली. म्हणाली, काकू, आधी जीव वाचवणारे शब्द शिका. बंद, धोका आणि बायकांसाठी. मी विचारलं, बायकांसाठी या शब्दाने जीव कसा वाचतो? तर म्हणे, लांबच्या प्रवासात कळेल. हसून हसून पुरेवाट झाली. पण ते तीन शब्द मी देवाच्या नावासारखे घोकले.

मग आम्ही त्या तळ्याला गेलो. तुला निळ्या पाण्याचा फोटो पाठवला होता ना, तेच. काठापासून आत पाण्यावर लाकडी धक्का गेलेला, नावेत चढायला करतात तसा. सुरुवातीलाच मोठी लाल पाटी. मी मनातल्या मनात अक्षरं जुळवत होते, तेवढ्यात बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, नौकाविहार, सर्वांचे स्वागत! आणि चालू लागले. माझी अक्षरं तोवर जुळली होती. बंद. त्याखाली, धोका. मला वाटलं मीच चुकले, मॅट्रिक झालेली बाई, मास्तरांची चूक काय काढणार. म्हणून पुढे पाहिलं, तर धक्क्याच्या मधल्या फळ्याच नाहीत. खाली काळं पाणी. आणि हे त्या रिकाम्या जागेकडे सरळ चाललेले, हात मागे बांधून, ऐटीत. मी मटकन खाली बसले आणि ओरडले, अहो, माझ्या चपलेचा अंगठा तुटला! ते थांबले, वळले. म्हणाले, नवी चप्पल घे म्हटलं तर घेशील का तू कधी. हसत हसत मागे आले. अंगठा धड होता. मी तो पदराखाली लपवला आणि बसपर्यंत लंगडत आले.

त्या दिवसापासून मी त्यांना न्याहाळू लागले आणि जे दिसलं त्याने माझी झोप उडाली. माझ्याशी बोलताना ते माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, कानाकडे बघतात. भाजीत मीठ जास्त झाल्यावर तिरकं बघायचे तसं वाटून मी आजवर सोडून देत होते. वह्या तपासताना मान एका बाजूला वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचतात. संगीतशिक्षिका कौतुकाने सांगत होती, काकांनी वर्गात नवी पद्धत काढली आहे, स्वतः फळ्याला हात लावत नाहीत, मुलांनाच उभं करून गणितं मोठ्याने सोडवायला लावतात, मुख्याध्यापकबाई फार खूश आहेत. मी चहा ओतत होते, तो बशीत सांडला. बशीतलाच प्यायले. मला तुझी आजी आठवली. दारात कोणी आलं की बोल आधी, मग ओळखते, म्हणायची. आपण त्याला म्हातारपण म्हणत राहिलो. तेव्हा ती म्हातारी नव्हती गं.

गेल्या रविवारी टेकडीवर गेलो होतो. वर बाक होता. बाबा म्हणाले, तू सांग बरं काय काय दिसतंय. मी सांगू लागले, घरांची छपरं, एक पांढरी इमारत, रस्त्यावर पिवळी बस. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, तुझी चप्पल त्या दिवशी तुटली नव्हती ना? मी मान हलवली, आणि मग ध्यानात आलं की मान हलवलेली त्यांना दिसली नसेल. म्हणून नाही म्हटलं. ते म्हणाले, मधला भाग पुसल्यासारखा झाला आहे, कडेकडेचं दिसतं. इथल्या डॉक्टरने तपासलं आहे. गेलेलं परत येत नाही, वेळेत कळलं असतं तर बरंच राखता आलं असतं. पाट्या अंदाजाने वाचत होतो, म्हणाले, तू घाबरू नयेस म्हणून. इतकी वर्षं मी देवापाशी काही ना काही मागत आले, त्या बाकावर मात्र मला मागायचं सुचेना. या सहामाहीनंतर शाळेला सांगून आम्ही परत येऊ. ते आपलं आम्ही निभावून नेऊ. मी आता बंद आणि धोका वाचू शकते, त्यांचा हात धरू शकते.

पण टेकडी उतरताना त्यांनी आणखी एक सांगितलं. हे रक्तातून येतं, आजीकडून त्यांच्याकडे आलं. पोरीला इतक्यात काही बोलू नकोस, तिला उगाच घोर लागेल, असं त्यांनी बजावलं, आणि मी हो म्हटलं. मग परवा तुझा फोन आला, तोंड दिसतं तो. तू म्हणालीस, आई, तू धूसर दिसतेस, तुझा फोन पूस. मी पदराने पुसला. तू म्हणालीस, अजून पूस. मी पुन्हा पुसला, आणि पुसता पुसता कोपऱ्यातलं माझं इवलंसं तोंड मला दिसलं. ते स्वच्छ होतं गं. आणि तू मान जराशी वळवून माझ्या कानाकडे बघत बोलत होतीस. चिमणे, माझा भ्रम असू दे, देवा, माझी खुळचट शंका ठरू दे. तू रोज स्कूटरवरून कामाला जातेस. हे पत्र मी बारीक लिहिलं ते कागद वाचवायला नाही, कोऱ्या कागदांची चळत इथे शेजारी पडली आहे. पत्र सरळ समोर धर, मान न वळवता एक एक डोळा झाकून वाच. वाचता आलं तरी डॉक्टरला डोळे दाखव, आजीचं आणि बाबांचं सांग. आणि अक्षर फार लहान आहे म्हणून तू हे खोलीतल्या मैत्रिणीकडून वाचून घेत असशील, तर बाई गं, तुझं नाव मला ठाऊक नाही, पण तू इथेच थांब. पत्र खाली ठेव, स्कूटरची किल्ली तिच्याकडून काढून घे, आणि माझ्या लेकीचा हात धरून तिला आजच्या आज डॉक्टरकडे घेऊन जा.

तुझीच,
तुझ्या फोनकडे डोळे लावून बसलेली
आई