पांढरी डबी

धुळे, ६ फेब्रुवारी

ती. शेवंतामावशीस पुनमचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की सासूबाईंना भांडण चाललंय असं वाटतं, म्हणून पत्रच बरं. भाविकाला चौथा महिना लागला. पालथी पडते, मग तिथेच अडकून रडते.

माझ्या चेहऱ्याची काळजी आता सोड. बाळंतपणानंतर ऊन लागलं, चहा प्यायले, नुसतं तोंड धुतलं तरी गाल लालबुंद व्हायचे आणि आग आग व्हायची. माझ्या जाऊबाई भूमिकाताई घरीच पार्लर चालवतात. त्यांनी पांढऱ्या डबीत मलम दिलं आणि आठवड्यात लाली गेली. एखाद्या दिवशी लावायचं राहिलं तर चुरचुरतं, एवढंच.

तुझ्या मायेची,
पुनम


असोदा, १५ फेब्रुवारी

चि. सौ. पुनम हिस शेवंताबाईचे अनेक आशीर्वाद.

केळीची काढणी चालू आहे, म्हणून उत्तराला उशीर. लाली गेली ते वाचून बरं वाटलं, पण पोरी, तुझी कातडी पहिल्यापासून नाजूक. हळदीच्या दिवशीसुद्धा तुझ्या मानेवर चट्टे उठले होते. एक दिवस चुकला की जे परत येतं, ते बरं झालेलं नसतं, दबून बसलेलं असतं. डबीवर काय लिहिलंय ते कळव. साबण लावू नकोस, गार पाण्याने तोंड धू, पुसताना घासू नकोस, टिपून घे. जाऊबाईंची भीड धरू नकोस. जळगावला ये, मेहरूणजवळ त्वचेच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना दाखवू.

भाविकाचा पापा घे, आणि म्हातारीचं ऐकत जा.
शेवंतामावशी


धुळे, २९ एप्रिल

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

डबीवर काहीच लिहिलेलं नाही. भूमिकाताई मोठ्या डब्यातून काढून देतात, अर्ध्या गल्लीला त्यांच्याकडूनच जातं. तुझं पत्र वाचून मी मलम बंद केलं, तर चेहरा एवढा सुजला की डोळे उघडेनात. पुन्हा लावलं तेव्हा शांत झाला. आता दोन वेळा लावावं लागतं, आणि गालांवर बारीक तांबड्या शिरा दिसायला लागल्यात.

भाविकाची मात्र मजा आहे. लंगोटाने तिच्या जांघा लाल झाल्या होत्या. तेच मलम लावलं आणि बरं वाटलं, म्हणून रोज आंघोळीनंतर लावते. पोर काय बाळसं धरतेय! गाल इतके फुगलेत की डोळे बारीक झालेत. सासूबाई म्हणतात, बठ्ठं दूध अंगे लागनं. खरंच सगळं दूध अंगी लागलंय. अंगणवाडीच्या ताई मात्र म्हणाल्या की लांबी वाढत नाही. पाठीवर लवही आलीय. कुणावर गेली कोण जाणे.

तुझीच,
पुनम


असोदा, ४ मे

चि. सौ. पुनम, आशीर्वाद.

सकाळपासून तुझा मावसभाऊ नवीन तुम्हा दोघांना फोन लावतोय, लागत नाही. म्हणून हे पत्र देऊन त्यालाच पाठवते.

तुझं पत्र डॉक्टरीणबाईंना दाखवलं. भाविकाचं वाचलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच. त्या म्हणाल्या, त्यात जोरदार स्टेरॉइड असणार. बाळाच्या कातडीतून ते अंगात मुरतं. ते बाळसं नाही, सूज आहे. आणि हे नीट वाच. घाबरून मलम एकदम तोडू नकोस. बाहेरून मिळतंय म्हणून पोरीच्या अंगाने स्वतःचं तसलं द्रव्य बनवणं सोडलेलं असेल. एकदम तोडलं तर जिवावर बेतेल. डबी घे आणि अशीच उठून लहान मुलांच्या डॉक्टरांकडे जा. कोणाला विचारत बसू नकोस.

मावशी


धुळे, ८ मे

ती. मावशींना योगेंद्रचा सा. न. वि. वि.

पुनम भाविकाजवळ बसलीय, म्हणून मी लिहितोय. नवीन आला तेव्हा घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात धाडलं. भूमिकावहिनींकडचं मलम संपलं होतं, त्यामुळे भाविकाचंही आपोआप बंद झालं. मग उलट्या सुरू झाल्या, आणि हाक मारली तरी पोर बघेना. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. डॉक्टरही तेच समजून सलाईन देत होते. नवीनने तुमचं पत्र त्यांच्यापुढे धरलं, तेव्हा त्यांनी धावपळ करून दुसरं, स्टेरॉइडचंच इंजेक्शन दिलं.

आज सकाळी भाविका रडली. मावशी, मुलगी रडते म्हणून आम्ही दोघं हसलो. वहिनींना ते मलम देणारा फिरता माणूस आता फोन उचलत नाही.

आपला आशीर्वाद असाच पाठीशी राहो.
योगेंद्र


धरणगाव, १६ जून

ती. मावशीस नमस्कार.

भाविका सासूबाईंजवळ आहे, ठीक आहे. तिचं औषध डॉक्टर हळूहळू कमी करताहेत. मलम सोडल्यापासून माझं तोंड भाजल्यासारखं आहे. साधं मलम आणि ओल्या कापडाच्या घड्या, कित्येक महिने जातील म्हणाले.

ज्यांना डब्या गेल्या त्यांच्या घरी मी भूमिकाताईंना घेऊन फिरले. चेहरा उघडा ठेवला, म्हणजे जास्त बोलावं लागत नाही. बऱ्याच जणींनी ऐकलं. दिपमाला म्हणून एक आहे, तिचं बाळ लहान आहे, त्यालाही ती तेच लावायची. मी एवढंच म्हटलं की मलमात विष आहे. पुढचं सांगायच्या आत तिने दार लावलं. काल तिच्या सासूकडून कळलं की माझं तोंड पाहून घाबरली आणि तिने डबी त्याच दिवशी फेकली. बाळ सुस्त पडायला लागलं, तशी माहेरी निघून आली. मी तिला घाबरवलं, मावशी, आणि अर्धंच सांगितलं.

आम्ही सकाळपासून तिच्या माहेरच्या दारात आहोत. तिची आई ताईबाई तुमच्या असोद्याचीच, तुझ्या ओळखीची. ती म्हणते, मी दृष्ट लावायला आलेय, आणि बाळाला उताऱ्याने बरं वाटेल. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. हे मोटारसायकल घेऊन तुला न्यायला येताहेत. मी पायरीवरून हलणार नाही.

आतून बाळाचा आवाज येत नाहीये. उत्तर लिहू नकोस. ह्यांच्या मागे बस आणि ये.

पुनम